परत आलेल्या कॅडेटचे वडील

अमरावतीच्या बसस्टँडवर उत्तमराव तायडे माणसाला आधी ऐकू यायचे आणि मग दिसायचे. ते वाहतूक नियंत्रक होते. कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागली, कुठली उशिरा येणार, हे माइकवरून सांगणं त्यांचं काम. मी शेजारच्या खोलीत विद्यार्थ्यांचे पास देणाऱ्या खिडकीत बसायची. मधे प्लायवूडची भिंत. त्यामुळे त्यांचा प्रत्येक शब्द मला दोनदा ऐकू येई, एकदा भिंतीतून आणि एकदा बाहेरच्या भोंग्यातून.

माइकवर ते पुस्तकातल्यासारखं बोलत. "परतवाडा गाडीच्या प्रवाशांनी कृपया धावू नये. गाडी आपल्याला घेण्यासाठीच आली आहे." हे वाक्य त्यांच्या पदरचं होतं. आगारप्रमुखांनी दोनदा समज दिली तरी त्यांनी ते सोडलं नाही. माइकचं बटण बंद झालं की ते भातकुलीकडच्या आपल्या गावात परत जात. "काहून ढकलून राहिला बे? गाडी का उडून जाऊन राहिली?"

अंगावरचा खाकी शर्ट ते स्वतः इस्त्री करत आणि घडी मोडू नये म्हणून दिवसभर खुर्चीला टेकत नसत. कोणी "अचलपूर"ऐवजी "अचलपुर" असं ऱ्हस्व करून बोललं तरी त्यांना चालत नसे. चौकशीला आलेल्या माणसाला एखाद्या हमालानं अंदाजानं उत्तर दिलं, की ते खिडकीतून डोकं बाहेर काढत. "मालूम नसन तं विचारा. मनानं ठोकू नका." हे त्यांचं ठरलेलं बोलणं. वडील दुसऱ्याच्या वावरात मजुरी करून गेलेले, घरातली पहिली नोकरी यांची. सरकारी खुर्चीवरून चुकीचं काही सांगणं म्हणजे त्यांना पापच वाटे.

त्यांचा मुलगा सुमेध अकरावीत असताना एकदा घरी म्हणाला, मला पुण्याजवळच्या त्या सैनिकी अकॅडमीत जायचं आहे, बारावीनंतर जातात ती. तायडेसाहेबांना त्यातलं काही ठाऊक नव्हतं. त्यांना वाटलं, मैदानावर पोरं पळवतात ती भरतीच ही. पण माहीत नाही म्हणून गप्प बसणारा माणूस नव्हता तो. सुटीवर आलेला फौजी दिसला की त्याला गाडीतून उतरवून घेऊन विचारत, राजापेठेतल्या क्लासवाल्यांकडे जाऊन बसत. सुमेध लेखी परीक्षा पास झाला, पाच दिवसांच्या मुलाखतीतूनही निवडला गेला, आणि आमच्या स्टँडला अकॅडमीचं एक चौकशी केंद्रच मिळालं.

लोकांच्या डोक्यात काय काय असतं, ते मला त्या दिवसांत कळलं. पासच्या रांगेत आईबाप उभे असत आणि तायडेसाहेब मधला दरवाजा उघडून माझ्याच खोलीत येऊन उत्तरं देत.

"डोनेशन किती लागते जी?" अचलपूरची एक बाई विचारत होती.

"एक रुपया नाही. शिकवणं, खाणं, राहणं सरकारचं."

"पण मंग शिक्षण तं सुटते नं पोराचं?"

"कायले सुटते? तिथं डिग्री भेटते. गणित हाय, इतिहास हाय, परदेशी भाषा हाय. नुसतं पळत नाहीत तिथं."

"मोठ्या साहेबाच्याच पोरायले घेतात म्हणे."

"मी कोणता मोठा साहेब हाओ? हे पहा, मी बसस्टँडवर ओरडतो."

एकदा त्यांच्याच बुद्धविहारातले एक गृहस्थ आले. गर्दी ओसरेपर्यंत थांबले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "उत्तमराव, आपल्या पोराले घेतात का पण तिथं? खरं सांगा." तायडेसाहेब खिडकीशी वाकले. मग म्हणाले, "दादा, त्या पाच दिवसांत पोराले नावच नसते. छातीवर नंबर असते. नंबरानं हाक मारतात. माह्या पोराचा बाप कोण, हे तिथं कोणी विचारलं नाही." मी पासवर शिक्का मारत राहिले.

सुमेध गेला त्या दिवशी अर्धा स्टँड पुण्याच्या गाडीपाशी जमला होता. विहारातले लोक हार घेऊन आले होते. संत्री विकणाऱ्या मथुराबाईनं आपल्या टोपलीतली निवडून संत्री त्याच्या पिशवीत कोंबली. तायडेसाहेब माइकवर बसून होते. गाडी सुटायच्या वेळी त्यांनी नेहमीची सूचना दिली, आणि मग जे कधी केलं नव्हतं ते केलं. म्हणाले, "या गाडीने आपल्या शहराचा एक मुलगा अधिकारी होण्यासाठी जात आहे." भोंग्यातून नुसता श्वास ऐकू येत राहिला.

दोन-तीन महिन्यांत राजापेठेच्या चौकात फ्लेक्स लागला. गणवेशातला सुमेध, खाली वडिलांचं नाव, त्याखाली शुभेच्छुकांचे चेहरे. तायडेसाहेबांची सायकल त्या चौकात दोन्ही वेळा हळू होई.

पुढचं वर्षभर स्टँडवर सुमेधशिवाय विषय नव्हता. तो घोड्यावर बसायला शिकला, तो पोहतो, क्रॉसकंट्रीत पुढच्या फळीत आला. सुटीत आला तेव्हा केस बारीक, पाठ ताठ. आमच्याशी बोलायला थांबला, पण हसणं थोडं कमी झाल्यासारखं मला वाटलं. थकला असेल, असं म्हणून मी सोडून दिलं.

मग एका पावसाळ्यात तायडेसाहेबांनी अचानक रजा घेतली. पुण्याला जाऊन आले. परत आले तेव्हा कोणी विचारलं तर म्हणाले, "पालकांले बोलावलं होतं. चालते तसं." त्या दिवसापासून त्यांचा आवाज बदलला. सूचना तशाच, वेळेवर, शुद्ध. पण प्रवाशांनी धावू नये, गाडी आपल्याला घेण्यासाठीच आली आहे, ते वाक्य गळालं. पासच्या रांगेतून कोणी अकॅडमीबद्दल विचारलं की मधला दरवाजा उघडेना. भिंतीपलीकडून आवाज यायचा, "कामात हाओ." शनिवारी संध्याकाळी ते अकोल्याच्या गाडीत बसत. तिथल्या मेहुणीचं दुखणं आहे म्हणत.

मी एका लग्नासाठी अकोल्याला गेले होते. भाजीबाजारात कोथिंबिरीची जुडी हातात घेऊन सुमेध उभा दिसला. केस वाढलेले, अंगात साधा टीशर्ट. मला पाहून त्याचा चेहरा पांढरा पडला.

"रेखामावशी, मी इथं माझ्या मावशीकडं राहतो," तो म्हणाला. "अकॅडमी सोडली मी. कृपा करून स्टँडवर सांगू नका. बाबांले त्रास होईल."

"काढलं का रे बाबा तुला?"

"नाही. मीच सोडली. जमत होतं मला सगळं. पण रोज सकाळी ओळीत उभं राहिलो की वाटायचं, हे कपडे दुसऱ्या कोणाचे हायेत. मी वर्षभर थांबून पाहिलं. वाटणं गेलं नाही."

मग अमरावतीला का येत नाहीस, असं मी विचारलं. त्यानं कोथिंबीर पिशवीत ठेवली. म्हणाला, "चौकात फ्लेक्स हाय नं."

मी कोणाला सांगितलं नाही. पण अशा गोष्टी सांगाव्या लागत नाहीत. अकोल्याच्या फेरीवरचा एक वाहक सुमेधला ओळखत होता. थोड्याच दिवसांत कँटीनमधे कुजबुज सुरू झाली. तिथं मार मारतात म्हणे, सहन झाला नसेल. इंग्रजी आलं नसेल. रात्रीतून भिंत चढून पळाला असेल. एक ड्रायव्हर तर खात्रीनं सांगत होता, की पळालेल्याला पकडून तुरुंगात टाकतात, पोरगा लपून बसला आहे. ही सगळी माणसं तायडेसाहेबांचं भलं चिंतणारी होती. त्यांच्या घरच्या कार्याला जेवून आलेली. आणि या प्रत्येक गोष्टीचं खरं उत्तर ज्याला ठाऊक होतं, तो माणूस भिंतीपलीकडे हाताची घडी घालून बसून होता.

शेवटी आगारातल्या जुन्या ड्रायव्हरनं, शंकरभाऊनं, तोंडावरच विचारलं, "साहेब, सुमेध घरी आला म्हणतात, खरं हाय का?"

तायडेसाहेब म्हणाले, "पाय मोडला त्याचा. ट्रेनिंगमधे पडला. डॉक्टरनं अनफिट केलं."

हे मी माझ्या कानांनी ऐकलं. शंकरभाऊ हळहळला. तासाभरात सगळा स्टँड हळहळत होता. लोकांनी कँटीनमधली सगळी कुजबुज मागं घेतली. ज्यानं तुरुंगाची गोष्ट सांगितली होती त्यानं तायडेसाहेबांना चहा आणून दिला. त्यांनी तो घेतला, पण प्यायले नाहीत. मी खिडकी बंद करून निघाले तेव्हा कप तसाच होता, वर साय धरलेली.

हिवाळ्यात त्यांच्या मुलीचं, प्रज्ञाचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, ठरलं. सख्खा भाऊ आल्याशिवाय कसं होणार? सुमेधला अमरावतीला येणं भाग होतं. अकोल्याची दुपारची गाडी फलाटावर लागली तेव्हा मी खिडकीत होते आणि तायडेसाहेब माइकवर. गाडीतून माणसं उतरली. सगळ्यात शेवटी सुमेध उतरला. डावा पाय ओढत.

मला आधी काही कळेना. अकोल्याच्या बाजारात हा मुलगा चांगला चालत होता. मग कळलं, आणि मी भिंतीकडे पाहिलं.

सुमेधला लंगडता येत नव्हतं. कधी डावा पाय ओढला जाई, कधी तो विसरे आणि पुन्हा आठवून ओढे. मान खाली होती. लोक जमले. शंकरभाऊनं त्याची बॅग घेतली. हमालानं खुर्ची आणली. "बस बाप्पा, बस. लय लागलं का?" "देशासाठी लागलं त्याले, लहान गोष्ट नाही." कोणी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. सुमेध सगळ्यांना "हो काका, हो काका" एवढंच म्हणत होता.

मथुराबाई आपली टोपली तशीच उघडी टाकून आली. म्हातारी बाई, गुडघे धरलेले. ती त्याच्यासमोर खाली फरशीवर बसली, त्याचा डावा पाय आपल्या मांडीवर घेतला आणि दोन्ही हातांनी पोटरी चोळायला लागली. "माय माय, कसं चांगलं पोरगं," असं म्हणत रडत होती. "इथं दुखते का रे? इथं?" सुमेधनं पाय मागं घ्यायचा प्रयत्न केला, पण तिनं सोडला नाही. त्यानं हातांनी तोंड झाकलं.

शेजारच्या खोलीचं दार उघडलं. तायडेसाहेब बाहेर आले. इतक्या वर्षांत ड्यूटीच्या वेळी खुर्ची सोडून फलाटावर आलेलं मी त्यांना पाहिलं नव्हतं. ते गर्दीतून वाट काढत गेले आणि मथुराबाईसमोर वाकले.

"बाई, उठा. त्याचा पाय सोडा. त्याले काही झालं नाही."

तिला समजलं नाही. ती त्यांच्याकडे पाहत राहिली.

"पाय मोडला नाही त्याचा. मी खोटं बोललो. तो सोडून आला तिथून. त्याच्या मनानं." मग ते मुलाकडे वळले. आवाज अगदी बारीक झाला होता. "सुमेध, ऊठ. सरळ चाल बापू."

मागं एक गाडी चालू होऊन थरथरत उभी होती. सुमेध उठला. शंकरभाऊच्या हातातली बॅग त्यानं घेतली. चार पावलं टाकली, पाठ ताठ ठेवून, जसं त्याला तिथं शिकवलं होतं तसं. मागून कोणीतरी हसलं. कोणीतरी म्हणालं, "म्हणजे पळूनच आला नं बे." मला वाटलं तायडेसाहेब वळून उत्तर देतील. उत्तर द्यायला ते पटाईत होते. पण ते तिथंच उभे राहिले, सगळ्यांच्या मधोमध, शर्टाची बटणं चाचपत. त्यांचे कान लालबुंद झाले होते. तो हसणारा माणूस सोडून आम्ही सगळेच खाली पाहत होतो.

मथुराबाई हमालाचा हात धरून उठली. "मंग पाय चांगला हाय नं त्याचा?" तिनं विचारलं.

"हो," तायडेसाहेब म्हणाले.

"मंग झालं तं," असं म्हणून ती आपल्या टोपलीकडे गेली.

साक्षगंध नीट पार पडलं. मुलाकडच्यांनी सुमेधबद्दल एक अक्षर विचारलं नाही. ज्या भीतीनं तायडेसाहेबांनी सुमेधला अकोल्यात लपवलं होतं, ती भीती त्या मंडपात कोणाच्याच मनात नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी, लोक दूध आणायला निघाले होते त्या वेळी, त्यांनी स्वतः शिडी लावून राजापेठेच्या चौकातला फ्लेक्स उतरवला. उन्हानं तो इतका विटला होता की मुलाचा चेहरा धड ओळखू येत नव्हता. एका पानवाल्यानं विचारलं, "काहून काढून राहिले जी?" ते म्हणाले, "जुना झाला." आणि शिडीवरून उतरल्यावर परत त्याच्याकडे गेले नि म्हणाले, "जुना नाही झाला. पोरगा वापस आला, म्हणून काढला."

हे त्यांनीच मला सांगितलं. त्या दिवशी मधला दरवाजा उघडून ते माझ्या खोलीत येऊन बसले होते, खुर्चीला पाठ टेकून. शर्टाची घडी मोडली तरी त्यांचं लक्ष नव्हतं.

"ताई, पुण्याले गेलो होतो तवा तिथल्या साहेबानं मले समोर बसवून चहा पाजला," ते म्हणाले. "म्हणे, तुमचा मुलगा चांगला आहे. आम्ही त्याला विचार करायला वेळ दिला. इथून जाणं हा गुन्हा नाही. मन नसलेला अधिकारी आम्हालाही नको, त्याच्या हाताखालच्या माणसांनाही नको. मी मान डोलावली. सही केली. तिथला खर्च भरा लागते, तो भरला, त्याचं काही नाही. पण येताना गाडीत मी पोराशी बोललो नाही. पुण्यापासून अकोल्यापर्यंत. अकोला आलं, तं त्याले म्हटलं, इथं उतर. मावशीकडं राय. तो उतरला, ताई. काहून, म्हणून विचारलं नाही त्यानं."

मी म्हटलं, "आता झालं ते झालं, साहेब."

"मी दुनियेले सांगत होतो, तिथं असं नसते, तसं नसते," ते म्हणाले. "अन् माह्या डोक्यात एकच होतं, तिथून जो वापस येते तो भेकड असते. हे मले कोणी सांगितलं? कोणीच नाही. मनानंच ठोकलं मी. लंगडायचं पण मीच सांगितलं त्याले. फोनवर. म्हटलं, स्टँडवर उतरशील तं जरा पाय ओढजो. तो म्हणे, कोणता पाय, बाबा?"

त्यांनी चष्मा काढला आणि पुसत बसले. पलीकडे दर्यापूरची गाडी लागून उभी होती आणि तिची सूचना द्यायची राहून गेली होती. बाहेर लोक आपापसात विचारत होते. शेवटी मीच जाऊन माइकवर सांगितलं.

वर्षभरानं ते निवृत्त झाले. निरोपाच्या कार्यक्रमात शंकरभाऊनं चांगलं भाषण केलं; अकॅडमीचा विषय जपून टाळला. तायडेसाहेबांनी तो टाळला नाही. उभे राहून म्हणाले, "माह्या पोराले मी खोटं लंगडाले लावलं, हे तुमी सगळ्यायनं पाहिलं. ते विसरू नका." एवढंच बोलून खाली बसले. टाळ्या वाजवाव्यात की नाही, कोणाला कळेना.

त्यांना मी शेवटचं पाहिलं ते गेल्या उन्हाळ्यात, अकोल्याच्या स्टँडवर. सुमेध आता शेतीचं शिक्षण पुरं करून माती तपासायच्या कामावर आहे, गावोगाव फिरतो. वडील त्याला भेटायला आले होते आणि परतीच्या गाडीची वाट पाहत बाकावर बसले होते. वाळले होते. मी जवळ जाणार तेवढ्यात एक जोडपं त्यांच्यापाशी आलं. बरोबर मुलगी होती, दोन वेण्या घातलेली, काटक. त्यांना कोणीतरी तायडेसाहेबांकडे धाडलं असावं.

बाप म्हणाला, "जी, आमची पोट्टी निवडली गेली अकॅडमीत. आता पोरीयले पण घेतात नं. घरचे सगळे नाही म्हणून राहिले. म्हणतात, पोरीचं लग्न होणार नाही, तिथं पोरगी राहणार नाही, टिकणार नाही. तुमाले तिथलं माहीत हाय म्हणे. पाठवू का?"

तायडेसाहेबांनी मुलीला जवळ बसवलं. तिला जायचं आहे का, ते तिलाच विचारलं. ती हो म्हणाली. मग त्यांनी सगळं सांगितलं, पूर्वीसारखं, एकेक मुद्दा घेऊन. शिक्षण कसं असतं, सकाळ किती लवकर होते, शिक्षा काय असते आणि काय नसते, डिग्री कोणती मिळते. आवाजही पूर्वीसारखा लागला होता. आजूबाजूचे दोघंतिघं ऐकायला थांबले.

"चांगली जागा हाय. पाठवा," ते म्हणाले.

"अन् नाहीच जमलं तिले?" आईनं विचारलं.

मला वाटलं, आता ते मुद्दा समजावून सांगतील. पण त्यांनी नुसता मुलीच्या डोक्यावर हात ठेवला.

"तं स्टँडवर घ्याले जा," ते म्हणाले. "मी नव्हतो गेलो."

जोडप्याला त्यातलं किती समजलं, कोण जाणे. त्यांनी नमस्कार केला. तेवढ्यात अमरावतीची गाडी लागली. भोंग्यातून कोणी नवा, घाईतला आवाज काहीतरी बोलला. तायडेसाहेब उठले, आणि माझ्याकडे लक्ष न जाता गाडीच्या दारापाशी जाऊन रांगेत सगळ्यांच्या मागं उभे राहिले.